सात नावांची पिशवी

बाळंतपणानंतर किती रक्त गेले, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. खेड्यातल्या घरात किंवा उपकेंद्रात बाळंतपण झाले की नर्सबाई चादरीकडे, भिजलेल्या कापडांकडे आणि जमिनीवर सांडलेल्या रक्ताकडे पाहून अंदाज बांधत, आणि तोच अंदाज नोंदवहीत जाई. बेळगावात वीसेक वर्षांपूर्वी या अंदाजाचीच परीक्षा घेतली गेली, तेव्हा नजरेने सांगितलेला आकडा मोजलेल्या आकड्यापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला. मोजण्यासाठी वापरलेले साधन असे होते: पारदर्शक प्लास्टिकची एक चादर, वरच्या टोकाला कमरेभोवती बांधायचे बंद, आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली पिशवी, जिच्यावर मापाच्या रेघा छापलेल्या. बाळ बाहेर आले आणि गर्भजल वाहून गेले की ही चादर बाळंतिणीखाली सरकवायची आणि पिशवीत रक्त कुठवर चढते ते पाहायचे. ५०० मिलिलिटरची रेघ ओलांडली तर तो अतिरक्तस्राव, १००० ची ओलांडली तर गंभीर अतिरक्तस्राव.

या चादरीचे इंग्रजी नाव ‘ब्रास्स-व्ही’ असे आहे. पितळेशी त्याचा काही संबंध नाही. ती घडवणाऱ्या सात सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले, आणि त्या सातांत बेळगावचे डॉक्टर होते तसेच अमेरिकेतलेही होते. एका पिशवीवर सात माणसांनी समान हक्क सांगावा, ही गोष्ट विज्ञानात वाटते तितकी सहज घडत नाही. ती कशी घडते, हे समजून घ्यायला बेळगावचे हे काम चांगले उदाहरण आहे.

या कामामागचा प्रश्न मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळीचा होता. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम, पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचायला प्रशिक्षित हात लागतो. गोळीला शीतपेटी लागत नाही. मग जिथे डॉक्टर नाही, वीज बेभरवशाची आहे, अशा ठिकाणी नर्सबाईने दिलेली गोळी पुरते का? हे कॅन्सस सिटीच्या किंवा शिकागोच्या रुग्णालयात तपासता आले नसते, कारण तिथे तसे बाळंतपणच होत नाही. ते बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतच तपासता येणार होते. उलट एवढ्या मोठ्या चाचणीची संख्याशास्त्रीय आखणी आणि तिचा खर्च पेलण्याची व्यवस्था परदेशी विद्यापीठांकडे होती. सहकारी शोधताना माणूस बहुधा आपल्यासारखाच दुसरा शोधतो, कारण त्याच्याशी बोलणे सोपे जाते. पण ज्याच्याजवळ नेमके आपल्याकडे नसलेले आहे, अशाचीच गरज खरी असते. खानापूरकडे भाताच्या लावणीला पैरा करणाऱ्या, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावे लागत नाही: एकाकडे बैलजोडी असते, दुसऱ्याकडे माणसे, आणि कोणाचे किती दिवस झाले याचा हिशेब दोघांच्याही डोक्यात पक्का असतो.

असे जोडीदार भेटतात कसे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानाचा इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस याने संशोधकांच्या अशा अनौपचारिक जाळ्यांना ‘अदृश्य महाविद्यालय’ म्हटले; एकाच प्रश्नावर काम करणारी मोजकी माणसे एकमेकांना पत्रे लिहितात, मसुदे वाचायला देतात, परिषदांत चहाच्या टेबलाशी भेटतात, आणि छापील निबंध बाहेर येईपर्यंत त्यांच्यासाठी तो जुना झालेला असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या थॉमस अॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवले की दोन माणसांच्या टेबलांमधले अंतर वाढले की त्यांचे कामाविषयी बोलणे झपाट्याने घटते, आणि पन्नासेक मीटरनंतर ते जवळजवळ संपतेच. इंटरनेटने यातले बरेच बदलले. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्काइव्ह’ या ऑनलाइन संग्रहावर निबंध छापण्यापूर्वीच सर्वांसाठी खुला होतो, २०१२ पासून मिळणाऱ्या ‘ऑर्किड’ या सोळा अंकी ओळख-क्रमांकामुळे एकाच आडनावाच्या दहा पाटलांमधला नेमका कोण, हे कळते. (आपल्याकडे ही सोय किती उपयोगाची आहे, हे वेगळे सांगायला नको.) तरीही अनोळखी संशोधकाला पहिले पत्र लिहायचे असेल, तर त्याच्या निबंधातल्या ‘पद्धती’ या भागाविषयी एक नेमका प्रश्न विचारणे हाच माझ्या मते सर्वांत चांगला रस्ता आहे, निष्कर्षांची स्तुती त्याने पुष्कळ ऐकलेली असते.

बेळगावच्या बाबतीत जुळणीला एक चौकट मिळाली. अमेरिकेची बालआरोग्य व मानवी विकास संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी २००१ मध्ये माता-बालक आरोग्य संशोधनाचे एक जागतिक जाळे उभे केले, आणि त्यात प्रत्येक केंद्रासाठी एक अमेरिकी व एक स्थानिक प्रमुख संशोधक अशी जोडीच मागितली. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, तिकडे मिसूरी आणि इलिनॉय इथली विद्यापीठे. रिचर्ड डर्मन, भालचंद्र कोडकणी आणि शिवप्रसाद गौडर ही नावे या कामाच्या निबंधांवर पुन्हा पुन्हा दिसतात. पैसे देणाऱ्याने जोडी सक्तीची केली, याची चेष्टा करता येईल. पण नुसत्या सद्भावनेवर सोडले असते, तर स्थानिक संशोधक बहुतेक वेळा ‘नमुने गोळा करणारा’ म्हणून उरतो, हा अनुभव जुना आहे.

तो किती जुना आहे, हे पाहायला बेळगावच्या बाहेरही जावे लागत नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, त्या काळात तिथली वटवाघळे लंडनला गेली, ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस याने १९१३ मध्ये ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले. पुढे कित्येक दशके ही जात जगात याच एका ठिकाणची मानली जात होती. कंबोडिया आणि मेघालयात ती सापडली ती अलीकडे. रॉटन यांनी त्या पाहणीच्या नमुन्यांवर लंडनमध्ये खरोखर कष्ट घेतले होते, त्यामुळे नाव अयोग्य म्हणता येत नाही. मात्र ज्यांच्या रानात ती गुहा होती त्यांना त्या नावात जागा नव्हती.

चाचणीकडे परत येऊ. दूरदूरच्या माणसांनी एकत्र काम करायचे म्हणजे सर्वांत आधी एकाच शब्दाचा सर्वांनी एकच अर्थ घ्यायचा, आणि इथेच बहुतेक सहकार्य कुरकुरते. ‘खूप रक्त गेले’ याचा अर्थ प्रत्येक नर्सबाईगणिक वेगळा असेल, तर शिकागोत बसलेल्या संख्याशास्त्रज्ञाला कितीही आकडे पाठवले तरी ते व्यर्थ. चादरीवरच्या रेघेने हा वाद संपवला. यातला दुसरा भाग भाषेचा, आणि तो सीमाभागात जरा जास्तच अवघड असतो. एकाच गावात एका घरी मराठी, शेजारी कन्नड. त्यामुळे संमतीपत्र इंग्रजीतून दोन्हीकडे न्यायचे आणि मग मूळ पाठ न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत आणून अर्थ कुठे घसरला ते ताडून पाहायचे. या उलट भाषांतरात काय काय सापडते! ‘प्लासिबो’ला ‘खोटी गोळी’ म्हटले तर बाईला वाटते आपली फसवणूक चालली आहे. ‘औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी’ म्हटले तर वाक्य लांबते, पण विश्वास टिकतो.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १६२० बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत वाटले गेले. २५ सहायक परिचारिका-प्रसाविकांनी ही बाळंतपणे केली. हातातली गोळी खरी की औषधाविना, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि बाळंतिणीलाही. शेवटी जेव्हा गुपित उघडले, तेव्हा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आणि गंभीर प्रकार १.२ वरून ०.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. म्हणजे १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. निबंध ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

निबंधाच्या माथ्यावर डॉक्टरांची नावे आहेत. त्या २५ परिचारिकांचे काय? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा नियम असा की लेखक म्हणवून घेण्यासाठी कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी, हे चारही हवे. नियम चुकीचा नाही, पण रात्री दोन वाजता कंदिलाशेजारी पिशवीवरची रेघ वाचणे हे कुठल्या रकान्यात बसवायचे, ते त्यावरून कळत नाही. भौतिकशास्त्रात टोक दुसरीकडचे आहे: हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक आहेत, आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने नावे व संस्था यांनीच भरली आहेत. यावर तोडगा म्हणून आता अनेक नियतकालिके चौदा भूमिकांची एक ठरीव यादी वापरतात. कल्पना कोणाची, उपकरणे कोणाची, माहिती कोणी गोळा केली, पहिला मसुदा कोणी लिहिला, हे नावासमोर लिहायचे. अशी वाटणी काम सुरू होण्यापूर्वी कागदावर आणावी, असे जाणते संशोधक सांगतात. लावणी झाल्यावर पैऱ्याचा हिशेब मांडायला बसले की भांडण ठरलेले.

माहिती वाटण्याचेही असेच. भारतात परदेशी भागीदारीच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीतून जावे लागते, आणि २००९ पासून औषध चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणे सक्तीचे आहे. नोंद आधी झाली की नको असलेला निष्कर्ष मागाहून गुपचूप गाळता येत नाही.

बेळगावचे केंद्र त्या जाळ्यात टिकले. २०२० मध्ये छापून आलेल्या अॅस्पिरिनच्या चाचणीत सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी होत्या, आणि भारतातली दोन ठिकाणे होती बेळगाव आणि नागपूर. दोन राज्ये, पण कार्यपद्धतीची वही एकच. २०२३ च्या अझिथ्रोमायसिनच्या चाचणीत सात देशांतल्या २९,२७८ बायका होत्या, त्यातही ही दोन्ही ठिकाणे होती.

त्याच वर्षी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथेही बाळंतिणीखाली रेघांची चादर होती, आणि रक्तस्राव लवकर ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केल्यावर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. मात्र तिथल्या संशोधकांनी ५०० च्या रेघेवर विसंबून न राहता ३०० पाशीही थांबायचे ठरवले: रक्त तिथवर चढले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर पुढची रेघ येण्याची वाट पाहायची नाही.