तंजावरचा राजवाडा आणि ‘खासगी’ या शब्दाचा घोळ

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरला कसे गेले ते सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. वाडा मुळात तिथल्या आधीच्या नायक राजांचा, भोसल्यांनी तो वाढवला. १७९९ च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे उरला वाडा, किल्ला, दरवर्षीची ठरलेली रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. मग त्यांनी सगळा जीव पुस्तकांत आणि औषधोपचारात ओतला, डोळ्यांच्या पेशंटचे आजारी डोळे रंगीत चित्रात काढून ठेवलेली त्यांची हस्तलिखितं आजही तिथे आहेत.

१८३२ ला मुलगा शिवाजी गादीवर आला आणि १८५५ च्या ऑक्टोबरात वारला. मुलगा नाही, मागे दोन मुली आणि डझनावर राण्या. राज्य खालसा झालं ते झालं, पण वर्षभराने कंपनीचा अधिकारी शिपाई घेऊन थेट वाड्यात शिरला आणि होतं नव्हतं त्याच्यावर सील ठोकलं. राजाची खासगी दौलतसुद्धा!

इथेच खरा घोळ आहे. ‘खासगी’ म्हणजे नक्की काय? होळकरांकडे खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) आणि दौलत (राज्याचा पैसा) हे हिशेबच वेगळे असायचे. तंजावरला कंपनीने सरकारी आणि खासगी असा फरक न करता सगळंच उचललं. थोरल्या राणीसाहेब मद्रासच्या कोर्टात गेल्या, तिथे जिंकल्या, पण १८५९ ला लंडनमधल्या अपिलात हरल्या. आणि निकाल वाचला तर चीड येते, कारण न्यायाधीश स्वतःच म्हणतात की कंपनीचा या मालमत्तेवर कायदेशीर हक्क कुठे दिसत नाही, पण हे राज्यसत्तेचं कृत्य आहे म्हणून कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. म्हणजे जप्ती चूक हे कळलं तरी दाद मिळायची नाही! विधवा बाईच्या दागिन्यांनाही हाच न्याय लावला, हे मला तरी अजिबात पटत नाही.

१८६२ मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून मालमत्ता परत दिली, मालकी सगळ्या राण्यांची पण व्यवस्था थोरल्या राणीकडे, आणि मग सवतींमध्येच कोर्टकज्जे लागले.

१९१८ ला वाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं, त्यात मोडीचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. १९५१ पासून वाड्यात कलादालनही आहे. एका बाजूला पर्यटक तिकीट काढून दरबार हॉल बघतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच घराण्यातली माणसं अजून राहतात.