‘मॉनिटर कॅलिब्रेट केला’ म्हणजे नेमके काय केले? एका शब्दाची पार्श्वभूमी

फोटो संपादन करणारा माणूस ‘मॉनिटर कॅलिब्रेट केला’ असे म्हणतो तेव्हा त्या तीन शब्दांत दोन निरनिराळी कामे दडलेली असतात. पहिले काम पडद्याचे वागणे बदलण्याचे असते. त्यात पडद्याचा उजेड, पांढऱ्याची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा चढ ठरावीक मापात आणला जातो. दुसरे काम म्हणजे त्या मापात आणलेला पडदा प्रत्यक्षात कोणते रंग दाखवतो याची नोंद एका फाइलमध्ये करून ठेवणे. ती फाइल म्हणजे प्रोफाइल. ही दोन कामे एकाच नावाखाली कशी आली हे कळण्यासाठी प्रामुख्याने १९९३ ते २००९ हा काळ पाहावा लागतो.

रंग आकड्यांत मांडण्याची जी पद्धत १९३१ मध्ये ठरली तीच आजही या साऱ्या व्यवस्थेच्या तळाशी आहे. संगणकांच्या बाबतीत मात्र बराच काळ प्रत्येकाचे माप वेगळे होते. अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉश (मॅक) संगणकाचा गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या चढाचा आकडा, छपाईशी मेळ बसावा म्हणून १.८ ठेवलेला होता, तर इतर संगणकांवर तो २.२ च्या आसपास असे, आणि त्यामुळे मॅकवर तयार केलेला फोटो तिकडे काळवंडलेला दिसे. १९९३ मध्ये मॅकच्या प्रणालीतच कलरसिंक ही रंग-व्यवस्था आली आणि त्याच वर्षी आठ कंपन्यांनी एकत्र येऊन प्रोफाइलचा सामाईक साचा ठरवण्याचे काम हाती घेतले. दहा उपकरणे असतील तर त्यांच्यात परस्पर रूपांतराच्या नव्वद वाटा होतात. त्याऐवजी प्रत्येक उपकरणाचे वर्णन एका मधल्या, उपकरण-निरपेक्ष रंगपद्धतीच्या संदर्भात केले की दहा वर्णनांत काम भागते, हा त्यामागचा विचार होता.

या मांडणीत प्रोफाइल स्वतः काहीही दुरुस्त करत नाही. ‘या मॉनिटरचा निखळ हिरवा इतका हिरवा आहे’ एवढेच ते सांगते. ते वाचून फोटोतील आकडे त्या पडद्यापुरते बदलून पाठवणे हे काम फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरचे असते, आणि जे सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचतच नाही त्याच्या दृष्टीने ती फाइल नसल्यासारखीच असते.

गुंता झाला तो यापुढच्या एका सोयीमुळे. कॅलिब्रेशनमध्ये ग्राफिक्स कार्डातील तक्त्यात लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन दुरुस्ती-रेषा भरल्या जातात. संगणक बंद झाला की त्या पुसल्या जातात, म्हणून पुन्हा भरता याव्यात यासाठी त्या कुठेतरी जपून ठेवणे भाग होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या प्रोफाइलच्याच फाइलमध्ये एका खास कप्प्यात ठेवण्याची पद्धत रुळली. सामाईक साच्यात असा कप्पा मुळात नव्हता. तो बाहेरून जोडलेला होता. प्रणालीने कार्डात काय भरायचे याची आज्ञा आणि पडद्याचे वर्णन ही दोन्ही एकाच फाइलमध्ये आली आणि ‘प्रोफाइल लावले की रंग सुधारतात’ हा समज तेव्हापासून घट्ट झाला. ही सोय त्या वेळी समजण्यासारखी होती, परंतु तिची किंमत वापरणाऱ्यांनी पुढे कितीतरी वर्षे मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या काळी फोटोशॉपबरोबर अ‍ॅडोबी गॅमा नावाची छोटी उपयोजना येत असे. पट्ट्यांच्या चौकटीत राखाडी चौकोन दिसे आणि डोळे किलकिले करून, चौकोन पट्ट्यांत विरघळेपर्यंत पट्टी सरकवायची असे. पडद्यातील फॉस्फरचा, म्हणजे काचेच्या आतून रंग उजळवणाऱ्या लेपाचा, प्रकार मात्र यादीतून निवडावा लागे, आणि आपल्या मॉनिटरचा फॉस्फर कोणता हे फार थोड्यांना ठाऊक असे. त्यामुळे कॅलिब्रेशनचा भाग डोळ्यांनी बरा जुळे, पण सोबत तयार होणारे वर्णन मोठ्या अंशी अंदाजावर उभे असे. शेवटी फाइल मात्र एकच मिळे, आणि तिच्यातील कोणता भाग मोजलेला व कोणता मानलेला हे कळायला मार्ग नसे.

विंडोजवर आणखी एक अडचण होती. फाइलमधील रेषा प्रणाली स्वतः कार्डात भरत नसे, त्यासाठी सुरुवातीलाच चालणारा वेगळा छोटा प्रोग्राम, म्हणजे लोडर, लागे. व्हिस्टामध्ये परवानगी विचारताना पडदा मंद झाला की भरलेल्या रेषा निघून जात आणि राखाडी रंगावर पुन्हा निळसर झाक येई, तरी प्रणालीच्या खिडकीत प्रोफाइल ‘लागू’ असल्याचेच दिसत राही. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ला या रेषा स्वतः भरता येऊ लागल्या, पण त्यासाठीचा पर्याय आधी चालू करावा लागे. शिवाय आठ बिटांच्या तक्त्यात निळा खाली ओढला की २५६ पायऱ्यांपैकी काही एकमेकींत मिसळतात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. मॉनिटरच्या आतच अधिक बिटांचा तक्ता ठेवून तिथे दुरुस्ती करणारी यंत्रे आली तेव्हा वर्तन मॉनिटरमध्ये आणि वर्णन फाइलमध्ये अशी विभागणी निदान तिथे तरी स्पष्ट झाली.

मॉनिटर साधे होते तोवर हा गोंधळ झाकून राहिला. १९९६ मध्ये सुचवलेली आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली एसआरजीबी ही रंगपद्धत त्या काळच्या काचेच्या (सीआरटी) पडद्यांना जवळची होती. त्यामुळे प्रोफाइल कोणी वाचले नाही तरी रंग फारसा बिघडत नसे. रुंद रंगपल्ल्याचे, म्हणजे अधिक गडद रंग दाखवू शकणारे, एलसीडी मॉनिटर आल्यावर मात्र फरक उघडा पडला. हळदीच्या कार्यक्रमातील एकच फोटो फोटोशॉपमध्ये आणि शेजारी साध्या व्ह्यूअरमध्ये उघडून पाहिला, तर एकीकडे नवरीच्या हातावरची हळद हळदीसारखी दिसे आणि दुसरीकडे तीच भडक नारिंगी होऊन त्वचा तांबूस पडे. राखाडी दोन्हीकडे सारखाच दिसे. म्हणजे कॅलिब्रेशन दोन्हीकडे पोहोचलेले असे, प्रोफाइल फक्त एकीकडे. अनेकांनी अशा वेळी मोजणी चुकली असे समजून पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करण्यात दिवस घालवले.

२००९ मध्ये मॅकनेही गॅमा २.२ स्वीकारला. त्याच सुमारास काही ब्राउझर फोटोला जोडलेले प्रोफाइल वाचू लागले, तर २०१५ पासून पी३ या एसआरजीबीहून रुंद पल्ल्याचे पडदे घरगुती संगणकांत आणि पाठोपाठ फोनमध्ये आले. विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीत प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचे रंग एसआरजीबी समजून पडद्याच्या रंगांत बदलण्याचे काम प्रणालीने स्वतःकडे घेण्याची सोय झाली.

मोजणीची साधनेही बदलत गेली. काचेच्या पडद्याला रबरी चकत्यांनी चिकटणारे कलरिमीटर, म्हणजे रंग मोजणारी यंत्रे, एलसीडीच्या मऊ पृष्ठभागाला घातक ठरले, म्हणून दोरीला वजन बांधून पडद्यावर टेकवायची पद्धत आली. आता ओएलईडीच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. यंत्र दोन पडद्यांचा पांढरा रंग एकच असल्याचे सांगते, पण डोळ्यांना त्यांपैकी एकात वेगळी झाक दिसते, कारण १९३१ चे आकडे इतक्या अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशाला पुरेसे लागू पडत नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी पांढरा बिंदू पुन्हा डोळ्यांनी जुळवला जातो आणि बाकीचे मोजमाप यंत्रावर सोडले जाते.