तुर्कस्तानात आडनावं कुठून आली?

तुर्कस्तानात आज सर्वाधिक आढळणारं आडनाव म्हणजे यिल्माझ. अर्थ, न डगमगणारा. काया (खडक), देमिर (लोखंड), चेलिक (पोलाद), शाहिन (ससाणा) हीही तिथे गल्लोगल्ली भेटतात. एवढी कणखर नावं एकाच देशात जमली, कारण त्यातली बरीचशी एकाच काळात, कायद्याच्या धाकाने घेतलेली आहेत.

ऑटोमन काळात बहुतेक मुसलमान प्रजेला ठरावीक आडनाव नसे. बापाचं नाव, गाव, धंदा किंवा एखादं शारीरिक वैगुण्य, यांपैकी काहीतरी नावाला चिकटे. 'टोपाल' म्हणजे लंगडा, हे तर सर्रास चाले. गावात तेवढ्याने भागत असे. सैन्यभरती आणि करवसुली करणाऱ्यांची मात्र एकसारख्या मेहमेद-अलींनी पंचाईत होई. प्रजासत्ताक आल्यावर 1926 मध्ये स्विस धर्तीची नागरी संहिता आली, 1928 मध्ये लॅटिन लिपी आणि 21 जून 1934 रोजी आडनावाचा कायदा. आडनाव निवडायला दोन वर्षांची मुदत होती. जो निवडणार नाही त्याला अधिकारी देतील ते नाव.

अटीच जास्त बोलक्या आहेत. हुद्दा, पद, टोळी, परकी वंश यांची नावं चालणार नव्हती. म्हणजे आपले देशमुख, कुलकर्णी, चिटणीस तिथे पहिल्याच खिडकीवरून परत आले असते. पुढे नियमावलीत आर्मेनियन 'यान', ग्रीक 'पुलोस', फारसी 'झादे' आणि अरबी 'बिन' हे 'अमक्याचा मुलगा' किंवा वंशज सांगणारे जोडही नावांतून वर्ज्य झाले. हा 'बिन' आपल्या जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक' असा पानोपानी सापडतो. हेतू नुसत्या नोंदणीचा नव्हताच; सगळ्यांना तुर्क करून टाकायचं होतं. 'अस्सल तुर्क' अशा अर्थाचं ओझतुर्क हे आडनाव आज कित्येक कुर्द कुटुंबांतही आहे, ते त्यामुळेच.

प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा कमाल यांना 'अतातुर्क' (तुर्कांचा पिता) हे नाव संसदेने 24 नोव्हेंबर 1934 रोजी वेगळा कायदा करून दिलं. तेव्हाचे पंतप्रधान इस्मत पाशा यांना इनोनू हे आडनाव मिळालं, ते त्यांनी 1921 मध्ये जिथे लढाया जिंकल्या त्या जागेचं. दोनच दिवसांनी, 26 नोव्हेंबरला, पाशा, बे, एफेंदी, हानम या उपाध्या रद्द झाल्या. तो कायदा अजून लागू आहे आणि लोक आजही एकमेकांना 'अहमेत बे', 'आयशे हानम' म्हणतात, तेही पहिल्या नावाला जोडून! आडनाव कागदावर राहिलं.

बायकांचा प्रश्न मात्र कागदापुरता नव्हता. कुटुंबाचं आडनाव निवडण्याचा हक्क 1934 च्या कायद्याने नवऱ्याला दिला होता, आणि लग्नानंतर बायकोने नवऱ्याचंच आडनाव लावायचं, असं नागरी संहिता सांगे. 1997 पासून माहेरचं नाव त्याच्या आधी जोडता येऊ लागलं. 2004 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही सक्ती भेदभावाची ठरवली; तुर्कस्तानच्या घटनात्मक न्यायालयाने ते कलम रद्द करायला 2023 उजाडलं.