फार शांत बाळ

'बाळ रडलं का?' प्रसूतीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो योग्यच आहे. पण नवजात बाळांचे डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. तळहातात बोट दिलं की मूठ आवळतंय का? तोंडाशी काही लागलं की चोखतंय का? पूर्ण दिवसांचं धडधाकट बाळ हातपाय पोटाशी घेऊन असतं. पाय सरळ करून सोडला, तर पुन्हा दुमडतो. मेंदूचं काम बिघडलं असेल, तर तोच पाय ओल्या फडक्यासारखा पडून राहतो. 'किती शांत आहे हो!' असं नातेवाईक कौतुकाने म्हणत असतात, आणि नर्सच्या कपाळावर आठी उमटते.

या अवस्थेला एन्सेफलोपथी म्हणतात. हे मेंदूच्या बिघाडाचं वर्णन आहे, कारण नव्हे. जन्माच्या सुमारास ऑक्सिजन आणि रक्तपुरवठा कमी पडणं हे त्याचं ठळक कारण. पण रक्तातली साखर घसरणं, जंतुसंसर्ग, चयापचयाचे जन्मजात दोष, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी यांनीही हेच चित्र दिसू शकतं. साखर आधी तपासतात ती यासाठीच: एका थेंबात कळते आणि लगेच दुरुस्त करता येते.

अवघड बाळंतपण आणि पुढचं अपंगत्व यांचा संबंध विल्यम लिटल या लंडनच्या डॉक्टरांनी 1861 मध्ये मांडला. 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो, मनोविश्लेषणवाले तेच, तेव्हा ते मेंदूविकारांवर लिहीत होते) उलटा प्रश्न केला: बाळ आधीच आजारी होतं, म्हणून तर बाळंतपण अवघड झालं नसेल? आज आपल्याला माहीत आहे की सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे वाढत्या मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणाऱ्या, बहुतेक मुलांमध्ये जन्मावेळी गुदमरणं हे कारण नसतं. 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणून स्वतःला कोसत बसणाऱ्या आयांना हे कुणीतरी सांगायला हवं.

ऑक्सिजन तुटला तरी मेंदूच्या सगळ्या पेशी तिथल्या तिथे मरत नाहीत. रक्तप्रवाह सुरू झाला की बऱ्याच पेशी सावरतात, ऊर्जेचं गणित जवळपास पूर्ववत होतं. ही उसंत साधारण सहा तासांची. नंतर पेशींमधली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पुन्हा कोलमडतात. सूज येते, झटके सुरू होतात. दुसरा घाव पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो.

उपचार या उसंतीतच करायचा असतो, आणि तो ऐकायला विचित्र वाटतो: बाळाला गार करायचं. शरीराचं तापमान 33 ते 34 अंश सेल्सिअसवर 72 तास ठेवायचं, मग अगदी सावकाश वाढवायचं. सुसज्ज अतिदक्षता विभागांत यामुळे मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घटले. म्हणून सगळीकडे हेच करावं, असं मात्र नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. तिथे गारव्याचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. त्यातल्या अनेक बाळांच्या मेंदूला इजा जन्माच्या बरीच आधी सुरू झाली असावी आणि उसंत तेव्हाच संपली असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

नवजात बाळाचे झटके ओळखणं हा तर वेगळाच पेच. मोठ्या माणसासारखं सगळं अंग आकडत नाही. ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, नजर एका कोपऱ्यात खिळते, श्वास काही सेकंद थांबतो. साधी थरथरही असू शकते. ती हलक्या हाताने हातपाय धरला की थांबते, झटका थांबत नाही. पण बरेच झटके अंगावर उमटतच नाहीत. म्हणून डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या, तारा जोडून तासन्‌तास पडद्यावर नजर ठेवतात. बाळ निपचित पडलेलं असतं, पापणीसुद्धा हलत नाही, आणि पडद्यावरची रेघ मात्र एकसारखी उसळत असते.