लंबी रोटी आणि आत्याचा उजवा हात

सावजी रश्शासोबत लंबी रोटी खाणाऱ्या नागपूरकराला ती कशी होते हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. कणीक इतकी सैल की गोळाही धरवत नाही. परातीत आपटून आपटून तिला तार सुटली की ती या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या, तापलेल्या मडक्यावर टाकायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. आमच्या वस्तीत रोट्या करणाऱ्या मावशींना मी विचारलं, सुनेला हे शिकवलं कसं? त्या म्हणाल्या, “शिकवाचं काय आहे त्याच्यात? जवळ बसून पाहत जाय, मंग एक दिवस तिनंच टाकली.”

नुसतं पाहून हाताला कसं कळतं? इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलात्ती यांच्या गटाला माकडाच्या मेंदूत काही पेशी सापडल्या. माकडाने वस्तू उचलली की त्या चेतायच्या, आणि समोरच्या माणसाने उचलली तरी चेतायच्या. हे १९९२ मध्ये छापून आलं. पुढे त्यांना ‘मिरर न्यूरॉन’ म्हणू लागले आणि सहानुभूतीपासून भाषेपर्यंत सगळंच त्यांच्या खुंटीला टांगलं गेलं. ते मला फारसं पटत नाही. हातापुरतं बोलायचं तर पुरावा बरा आहे. १९९५ च्या एका प्रयोगात, दुसऱ्याला वस्तू पकडताना पाहणाऱ्या माणसाच्या मेंदूला बाहेरून चुंबकीय झटका दिला, तेव्हा त्याच पकडीला लागणारे त्याच्या हाताचे स्नायू एरवीपेक्षा जास्त उडाले. हात मांडीवर स्वस्थ; मेंदूत मात्र त्याची तयारी चालू.

मला सगळ्यात आवडतो तो कॅनडातल्या मॅटर आणि ग्रिबल यांचा २००५ चा प्रयोग. एका यंत्राची मूठ धरून हात सरळ रेषेत न्यायचा. यंत्र मात्र तो आडवा ढकलत राहतं, म्हणून सुरुवातीला रेष वाकडी जाते आणि सरावाने सुधारते. काहींना आधी दुसऱ्या कुणाची ही धडपड व्हिडिओवर दाखवली. त्यांचा हात न पाहिलेल्यांपेक्षा लवकर सरळ चालला. उलट्या दिशेच्या ढकलण्याशी झगडणारा माणूस ज्यांनी पाहिला, त्यांचं काम उलट बिघडलं. पाहताना मनात हिशेब करायला लावले तरी शिकणं थांबलं नाही. पण पाहताना स्वतःचा हात भलतीकडे हलवायला लावला, तेव्हा फायदा बराच घटला. म्हणजे डोकं दुसरीकडे असलं तरी चालतं, हाताची यंत्रणा मोकळी हवी.

पाहण्यात एक फसगतही आहे. कार्डास आणि ओब्रायन यांनी २०१८ मध्ये लोकांना मूनवॉकची चित्रफीत दाखवली, कुणाला एकदा, कुणाला वीसदा. वीसदा पाहणाऱ्यांना आपल्याला जमेल असं जास्त वाटलं. नाचले मात्र एकदा पाहणाऱ्यांइतकेच. मीही मावशींच्या चुलीशी तासभर बसून एक रोटी टाकून पाहिली. कणीक कोपरावरून थेट पँटवर. सून पाहायची, तशी जवळ बसून कणीक आपटायचीही, हे मावशींनी सांगितलंच नव्हतं.

लकवा झालेल्यांसाठी २००७ मध्ये एर्टेल्ट आणि सहकाऱ्यांनी हीच जोडी वापरली: रोजच्या कामाची हालचाल व्हिडिओवर पाहायची, लगेच तीच करायची. चार आठवड्यांत या रुग्णांचे हात तुलनेच्या गटापेक्षा जास्त सुधारले. त्या गटाने हालचालींऐवजी नुसत्या आकृत्या पाहिल्या होत्या. चमत्कार नव्हे, नेहमीच्या व्यायामाला जोड, एवढंच.

माझ्या आत्याचा उजवा हात गेल्या वर्षी लकव्यात गेला. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट पोरगा मोबाईलवर कप उचलणारा हात दाखवायचा. आत्या डाव्या हाताने जपमाळ ओढत पाहायची. तो म्हणाला, “काकू, माळ जरा बाजूला ठेवा.” मला कॅनडातलं ते यंत्र आठवलं. आत्याने कुरकुरत माळ उशाखाली सारली, व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि म्हणाली, “रिकामाच आहे की रे कप. कायले उचलू?”

दुसऱ्या दिवशी तो नवा व्हिडिओ काढून घेऊन आला. त्यात चहा होता.