तोल (दृश्यकला)

तोल : चित्र, शिल्प, वास्तू किंवा नक्षीकाम यांतील घटकांच्या दृश्य वजनाची अशी मांडणी, की पाहणाऱ्याची नजर एका बाजूला घसरून न जाता रचनेत फिरत राहावी. पुस्तकात याला समतोल किंवा संतुलन म्हणतात. कोल्हापुरात चित्रकाराच्या तोंडी, गवंड्याच्या तोंडी आणि तालमीतल्या वस्तादाच्या तोंडीही ‘तोल’ हाच शब्द असतो, म्हणून या नोंदीचे शीर्षकही तेच ठेवले आहे. कलाशिक्षणात लय, प्रमाण, विरोध, प्रभुत्व आणि ऐक्य यांच्या जोडीने तोल हे रचनेचे एक तत्त्व म्हणून शिकवतात. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकाग्रंथात चित्रकलेची जी सहा अंगे सांगितली आहेत (रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग), त्यांत तोलाला स्वतंत्र जागा नाही. तो प्रमाणात आणि लावण्ययोजनेत मुरलेला आहे, असे मानायला हरकत नसावी.

दृश्य वजन म्हणजे काय, हे उसाच्या बैलगाडीवरून लवकर समजते. मोळ्या मागे जास्त लागल्या की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते, पुढे जास्त झाल्या की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडीवान वजन काट्यावर घालून बघत नाही. आसाच्या पुढे किती आणि मागे किती, याचा अंदाज घेत तो मोळ्या सरकवतो. चित्रातला आस म्हणजे चौकटीचा उभा मध्य. त्याच्यापासून वस्तू जितकी लांब, तितकी ती जड भासते, त्यामुळे कडेला ठेवलेला लहानसा तांब्या मध्याजवळच्या हंड्याला पेलू शकतो. आकारही वजन वाढवतो आणि गडद छटाही. तांबडा आणि केशरी हे रंग निळ्या-करड्यापेक्षा जड वाटतात. मोकळ्या जागेत एकटी पडलेली वस्तू गर्दीतल्या वस्तूपेक्षा जास्त ओढते. सगळ्यांत जड असतो माणसाचा चेहरा, आणि त्यातही तो कुठे बघतो आहे ती दिशा. व्यक्तिचित्रात नजर उजवीकडे असेल तर उजवीकडे रिकामी जागा सोडतात. ती जागा रिकामी दिसली तरी नजरेने भरलेली असते.

सर्वांत ओळखीचा प्रकार सममित तोल. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना तेच किंवा जवळजवळ तेच. मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर बांधलेला आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला कोल्हापूरचा नवा राजवाडा समोरून पाहावा. मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा आहे आणि इमारत त्याच्या दोन्ही हातांना पसरली आहे. राजेपण आणि देवपण दाखवायला ही मांडणी जगभर वापरली गेली, कारण तिच्यात हालचाल कमी आणि स्थैर्य जास्त. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसणारी मुले संकल्पचित्रात हटकून हाच तोल निवडतात. निम्मे काढायचे, ट्रेसिंग पेपर उलटायचा, उरलेले निम्मे छापायचे. मार्क पडतात, पण तोलाबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही.

खरी गंमत ‘जवळजवळ’मध्ये आहे. कोल्हापुरी साजाची पारंपरिक मोजणी २१ पदकांची : दशावतारांची १०, अष्टमंगळाची ८, एक माणिक, एक पाचू आणि एक ताईत. ताईत बाजूला काढला तर उरलेली पदके दोन हातांना दहा-दहा बसतात. मात्र डाव्या हाताला उजव्याची नक्कल भेटत नाही. एकीकडे मासा असेल तर त्याच्या समोर दुसराच आकार असतो. पदकांचा आकार आणि त्यांच्या मधले जवमणी सारखे असल्याने दुरून हार सममित दिसतो, आणि जवळ गेल्यावर प्रत्येक पदक वेगळे निघते. अंबाबाईच्या मूर्तीतही हेच आहे. देवी सरळ उभी आहे, पण चार हातांत चार वेगळ्या वस्तू. उजवीकडे खाली म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ) आणि वर गदा, डावीकडे वर ढाल आणि खाली पानपात्र. उलट कोल्हापुरी चप्पल हातात एकच घेतली तर असममित असते, अंगठा एका अंगाला असतो म्हणून. जोडी शेजारी ठेवली की एक दुसरीचे आरशातले रूप होते. तोल कुठे मोजायचा, वस्तूत की जोडीत, हे आधी ठरवावे लागते.

असममित तोलात दोन बाजू वेगळ्या असतात, तरी चित्र पडत नाही. जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘कानागावाजवळील महालाट’ या ठशात डावीकडे प्रचंड लाट उसळते आणि खाली दूरवर फुजी पर्वत टिकलीएवढा दिसतो. लाट कोसळण्याच्या बेतात आणि पर्वत जागचा हलत नाही, एवढ्यावर सगळे तोलले जाते. कोल्हापुरात हा धडा घ्यायला रंकाळा तलावाचा काठ पुरतो. बोर्ड घेऊन बसलेला नवखा विद्यार्थी संध्यामठ कागदाच्या मधोमध घेतो आणि पाण्याची रेषा बरोबर निम्म्यावर. वर मठ, खाली त्याचे प्रतिबिंब, सगळे दुहेरी, आणि कागद दोन तुकडे जोडल्यासारखा दिसतो. मग कोणीतरी सांगते, रेषा वर घे, मठ उजवीकडे सरकव. डाव्या हाताला पाणी मोकळे पडते आणि तेथे एखादे गडद झाड, नाहीतर म्हशींचा घोळका, आपोआप हवासा वाटू लागतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा, पंचगंगा आणि कोटितीर्थाचा परिसर जलरंगात वारंवार रंगवला. कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाची परंपरा त्यांच्यापासून मोजतात.

केंद्रीय तोलात वजन मध्यबिंदूभोवती वाटलेले असते. ठिपक्यांची रांगोळी, कमळ, रथाचे चाक ही नेहमीची उदाहरणे. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप हे या प्रकाराचे जिल्ह्यातले सर्वोत्तम उदाहरण म्हणावे लागेल. शिलाहारकालीन, बाराव्या शतकातले हे काम. मंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे आहे, त्याखाली जमिनीवर तशीच गोल शिळा, आणि भोवती १२ खांबांचे कडे. शिळेवर उभे राहून वर पाहिले की खांब आत झुकल्यासारखे वाटतात आणि आकाशाचा तुकडा नेमका डोक्यावर येतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेले खासबाग कुस्ती मैदानही गोल आहे. तिथे केंद्राला तांबडी माती आहे, म्हणून कुठेही बसले तरी नजर तिथेच जाते. कापडावरच्या छापासारखी एकसारखी पसरलेली, केंद्र नसलेली मांडणी हा आणखी एक प्रकार मानतात.

शिल्पात तोल दुहेरी असतो, डोळ्यांचा आणि गुरुत्वाकर्षणाचा. भारतीय मूर्तिशास्त्रात मूर्तीच्या मधून जाणारी उभी रेषा म्हणजे ब्रह्मसूत्र. शरीर तिच्या दोन्ही बाजूंना सारखे असेल तर समभंग, किंचित कललेले असेल तर आभंग, मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वाकलेले असेल तर त्रिभंग. गवंडी ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) सोडतो तशीच ही रेषा. मानवाकृती काढताना गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडून पाहतात. एका पायावर भार असेल तर ओळंबा त्या पावलाशी पडायला हवा, नाहीतर आकृती पडत असल्यासारखी दिसते. कुस्तीचे चित्र काढताना मात्र हा नियम उलटा कामाला येतो. डाव बसलेल्या पैलवानाचा ओळंबा पावलांच्या बाहेर गेला तरच तो आता चितपट होणार हे कळते, आणि दोघांना मिळून एकच आकृती धरली तर तिचा तोल शाबूत असतो.

कावळा नाक्यावरचा महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा (शिल्पकार रवींद्र मेस्त्री) या दुहेरी तोलाचे ठळक उदाहरण आहे. घोडा मागच्या पायांवर उभा ठाकला आहे, पुढचे पाय हवेत. ब्राँझच्या घोड्याला असे उभे करणे ही जुनी परीक्षा आहे. माद्रिदमधील चौथ्या फिलिपचा पुतळा घडवताना पिएत्रो टाका याने सतराव्या शतकात पुढचा भाग पोकळ आणि मागचा भरीव ओतून ती सोडवली होती. डोळ्यांचा हिशेब आणखी वेगळा. उसळलेला घोडा दिसायला हवा आणि तो उलटा पडेल अशी भीती वाटायला नको. नाक्यावर सिग्नलला थांबल्यावर पुतळा बाजूने पाहावा, समोरून ही कसरत लक्षात येत नाही.

कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) आणि बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. पडदा हे मुद्दाम अपुरे ठेवायचे चित्र. त्याची मधली जागा शांत लागते, कारण तिथे नट उभा राहणार असतो आणि तोल त्याच्या येण्याने पुरा होतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या काळात बाबुरावांनी पोस्टरेही रंगवली. पोस्टरात नट रंगवलेलाच असतो, तेव्हा मध्य मोकळा सोडायचे कारण उरत नाही.

गावात ‘पेंटर’ हे आडनावासारखे चिकटलेले बिरुद पुढे दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांकडेही गेले. पाटीवर वर ‘श्री’, मध्ये नाव, खाली कोपऱ्यात ‘प्रो. प्रा.’. सूत मारून मध्यरेषा काढली तरी काम संपत नाही. ‘गुरुकृपा’ या शब्दात ‘गु’ आणि ‘कृ’ यांच्याखाली काहीतरी लोंबते आणि शिरोरेषेच्या वर काहीच नाही. मोजून मध्यावर बसवला तर तो खाली ओघळल्यासारखा दिसतो. शेवटी काना आल्याने उजवी कडही हलकी पडते. जुना पेंटर शब्द बोटभर वर घ्यायचा, थोडा उजवीकडे सरकवायचा, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवरून डोळे किलकिले करून बघायचा आणि परत येऊन खडूची रेघ पुसायचा. फ्लेक्सच्या दुकानात आता हे काम संगणकाचे एक बटण करते. ते शब्दाभोवतीची चौकट मोजते, लोंबणारे उकार मोजत नाही.