संडे स्कूल की व्हीबीएस? मिशन ट्रिपवर मुलांना शिकवायला निघण्याआधी

मिशन ट्रिपची, म्हणजे येशूची सुवार्ता (शुभ वार्ता) सांगायला चर्चमधून काही दिवस परक्या ठिकाणी जाण्याची, टीम ठरते तेव्हा मुलांचं काम कुणाकडे द्यायचं यावर फारशी चर्चा होत नाही. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, दर रविवारी जी मुलांची संडे स्कूल घेते तिच्याकडे सगळे बघतात आणि विषय संपतो. तीही सवयीप्रमाणे आपले नेहमीचे धडे काढते, चित्रं निवडते, सुवर्णवचनं, म्हणजे पाठ करायची बायबलमधली वाक्यं, ठरवते आणि पाच दिवसांसाठी पाच धडे पिशवीत भरते. मीही पहिल्या खेपेला हेच केलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत माझी पिशवी निकामी झाली होती.

चूक समजण्यासारखी आहे. संडे स्कूलमध्ये गोष्ट, गाणं, वचन आणि रंगकाम असतं. सुट्टीतल्या बायबल शाळेत, म्हणजे व्हीबीएसमध्येही तेच असतं. त्यामुळे रविवारचा एक तास ताणून पाच दिवसांचा केला की व्हीबीएस झाली, असं वाटतं. पण दोन्हींचं काम वेगळं आहे, आणि मिशन ट्रिपवर आपल्या हातून जे होतं ते व्हीबीएसच्या जवळचं आहे. तेही पूर्ण व्हीबीएस नाहीच.

दोन्हींच्या जन्मकथा पाहिल्या की फरक ध्यानात येतो. 1780 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र चालवणाऱ्या गृहस्थाने गरीब मुलांसाठी रविवारी वर्ग सुरू केले. ही मुलं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत वगैरे राबत असत. मोकळा दिवस काय तो रविवार. वर्गात आधी वाचायला शिकवत, आणि वाचनाचं पुस्तक म्हणजे बायबल. म्हणजे संडे स्कूल ही खरोखरच शाळा होती. 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे सार्वजनिक शाळा वाढल्या, तसं अक्षरओळखीचं काम तिच्याकडून सुटत गेलं. शाळेचा सांगाडा मात्र राहिला: वयाप्रमाणे वर्ग, हजेरी, वर्षभराचा अभ्यासक्रम, आणि मुख्य म्हणजे तेच ते शिक्षक.

व्हीबीएस निघाली ती रविवारच्या अपुरेपणातून. 1894 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, होपडेल इथे, श्रीमती माइल्स या शाळाशिक्षिकेला वाटलं की रविवारचा एवढासा वेळ मुलांना पवित्र शास्त्र शिकवायला पुरत नाही. तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज भरणारी शाळा काढली. ती चार आठवडे चालली. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज यांनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी अशीच रोजची बायबल शाळा भरवली, तीही चर्चमध्ये नव्हे, भाड्याने घेतलेल्या बिअरच्या गुत्त्यात. पुढे रॉबर्ट बोव्हिल यांनी ही कल्पना उचलून धरली आणि तिची चळवळ केली. आज आपण जिला व्हीबीएस म्हणतो ती बहुतेक ठिकाणी पाच दिवसांची असते, म्हणजे मूळच्या शाळेच्या पाव हिश्शाएवढी. आणि मिशन ट्रिपवरचे पाच दिवस म्हणजे त्या पाव हिश्शातूनही परकी भाषा, अनोळखी मुलं आणि प्रवासाचा शीण वजा करून जे उरतं ते.

आता वर्गात उतरू. संडे स्कूलच्या शिक्षिकेचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे पुढचा रविवार. गोष्ट अर्धी राहिली तर राहू दे, एखादा प्रश्न अडला तर 'पुढच्या वेळी बघू' म्हणता येतं. भावांनी खड्ड्यात टाकलेल्या आणि पुढे मिसर देशाचा मंत्री झालेल्या योसेफाची बायबलमधली गोष्ट ती ऐटीत चार रविवार चालवते. तीच गोष्ट मिशन ट्रिपवर सोमवार ते गुरुवार विभागून सांगितली, तर सोमवारी आलेला मुलगा योसेफाला खड्ड्यात टाकलेला पाहून घरी जातो आणि पुन्हा येतच नाही. त्याच्यापुरता योसेफ कायमचा खड्ड्यात. उलट बुधवारी नवी मुलं येतात, त्यांना हा मंत्री झालेला माणूस कोण हेच कळत नाही. मोकळ्या मैदानातल्या वर्गात रोज तीच मुलं येतील असं धरूनच चालू नये. पहिल्या दिवशी वीस आणि तिसऱ्या दिवशी साठ, असंही होतं. म्हणून रोजची गोष्ट त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपली पाहिजे. पाच दिवसांना जोडणारा धागा हवा असेल तर तो गाण्यात किंवा एका वचनात ठेवावा, कथानकात नको.

दुसरं, संडे स्कूलमधल्या मुलांचे कान तयार असतात. 'तारण', 'कृपा', 'देवाचा कोकरा' हे शब्द त्यांनी घरी, उपासनेत, आजीच्या प्रार्थनेत ऐकलेले असतात. अर्थ पुरता कळत नसेल, पण शब्द परके नसतात. मिशन ट्रिपवर समोर बसलेल्या मुलाने यातलं काहीच ऐकलेलं नसेल. 'येशू देवाचा कोकरा आहे' हे वाक्य त्याने जसंच्या तसं घेतलं तर त्याच्या डोळ्यांसमोर कोकरूच उभं राहणार. मला विचाराल तर पाच दिवसांत असे दोन शब्द नीट उलगडले तरी पुष्कळ झालं. बाकीचे शब्द गोष्टीत येऊच देऊ नयेत. मेंढपाळ आणि हरवलेलं मेंढरू, पेरणारा आणि बी, या गोष्टी येशूने ऐकणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारातून उचलल्या होत्या. ज्या मुलांनी मेंढरू पाहिलेलं नाही त्यांना आधी मेंढरू म्हणजे काय हे सांगत बसावं लागतं आणि त्यात वेळ जातो. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मेंढराच्या लगेच पुढे हरवलेल्या नाण्याची गोष्ट आहे. ती बहुतेक ठिकाणी चालते.

दुभाषाचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची तयारी इथेच कोसळते. दुभाषा असला की वेळ निम्मा होतो, हे कागदावर सगळ्यांना माहीत असतं, पण धडा मात्र कुणी निम्मा करत नाही. पंधरा मिनिटांची गोष्ट अर्ध्या तासाची होते आणि पाच वर्षांचं मूल अर्धा तास बसत नाही. म्हणून गोष्ट सात मिनिटांची करावी. वाक्यं छोटी हवीत, पण तुटकी नकोत. अर्ध्या वाक्यावर थांबलं तर दुभाषाला क्रियापद कुठे ठेवावं हेच कळत नाही. यमकाची गाणी, शब्दांवरच्या कोट्या, आणि अक्षरांवर बेतलेल्या कृती भाषांतरात जागच्या जागी मरतात. आपल्या भाषेतल्या एखाद्या शब्दाच्या प्रत्येक अक्षरावरून एकेक गुण सांगायचा, ही संडे स्कूलमधली लाडकी युक्ती दुसऱ्या भाषेत अक्षरंच बदलल्यावर काय कामाची? हातवाऱ्यांची गाणी मात्र तरतात. त्याहून चांगलं म्हणजे तिथलं एक गाणं आपणच शिकून जावं. पाहुणे मोठ्या गंभीर चेहऱ्याने चुकीचे उच्चार करताना पाहून मुलं जितकी खुलतात तितकी आपल्या कुठल्याही बाहुलीनाट्याने खुलत नाहीत.

सुवर्णवचनाचंही तसंच. आपल्या भाषेतल्या वचनाचं दुभाषाकडून जागेवर भाषांतर करून घेऊ नका. तिथली मंडळी बायबलचं कोणतं भाषांतर वापरते ते आधी विचारा आणि वचन त्यातूनच घ्या. नाहीतर मूल पाच दिवस एक वचन घोकतं, आणि रविवारी उपासनेत तेच वचन वेगळ्या शब्दांत ऐकून गोंधळतं.

रंगांच्या पुस्तकाबद्दल बोलायलाच हवं, कारण ते जवळपास प्रत्येक टीमच्या पिशवीत असतं. शब्द नाहीत, नुसती रंगीत पानं, म्हणून भाषेची अडचण नाही, असं मानतात. 1866 साली लंडनमध्ये स्पर्जन या धर्मोपदेशकांनी काळा (पाप), लाल (येशूचं रक्त) आणि पांढरा (शुद्ध झालेलं मन) अशा तीन पानांवर प्रवचन केलं. काही वर्षांनी मूडी या अमेरिकन धर्मोपदेशकांनी स्वर्गासाठी सोनेरी पान जोडलं. हिरवं पान त्यानंतरचं. साधन सुटसुटीत आहे हे खरं. पण रंगांनाही भाषा असते. आशियातल्या कित्येक समाजांत पांढरा हा सुतकाचा रंग आहे आणि लाल लग्नाचा. आणि सावळ्या, काळ्या मुलांसमोर उभं राहून 'काळं म्हणजे पाप' म्हणताना आपण त्यांच्याच अंगाच्या रंगाबद्दल काय बोलून बसतो, याचा विचार करायला हवा. आता बरेच शिक्षक त्या पानाला 'अंधार' म्हणतात. मी ते पान वापरणंच सोडलं. संडे स्कूलमध्ये हा गैरसमज उद्या दुरुस्त करता येतो. ट्रिपवर उद्या म्हणजे विमानतळ.

इथून पुढचा फरक सगळ्यात महत्त्वाचा, आणि यावर टीममध्ये हमखास वाद होतो. शेवटच्या दिवशी, 'ज्यांना येशूला आपल्या हृदयात घ्यायचं आहे त्यांनी हात वर करा' असं म्हणायचं का? संडे स्कूलच्या शिक्षिकेला हात वर करणारं मूल ठाऊक असतं. ते मनापासून करतंय की शेजारच्या मैत्रिणीचं बघून, हे तिला कळतं, आणि पुढची दहा वर्षं ती त्याच्यासोबत असणार असते. मिशन ट्रिपवर पाहुण्याने प्रेमाने काही विचारलं की लहान मूल 'हो' म्हणतंच. त्यातून खाऊ वाटायच्या आधी विचारलं तर सगळेच हात वर. ते हात मोजून घरी जाऊन आकडा सांगणं मला पटत नाही. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, कुणी स्वतःहून बोललं तर तिथल्या शिक्षकाला बरोबर घेऊन बोलावं, पण गर्दीत हात वर करायला लावू नये.

याला जोडूनच पालकांची गोष्ट येते. संडे स्कूलला मूल सहसा आईबापांच्या माहितीने, अनेकदा त्यांच्याच बोटाला धरून येतं. येशूने लेकरांना जवळ घेतलं त्या बायबलमधल्या प्रसिद्ध प्रसंगातही लेकरं येशूकडे एकटी आलेली नव्हती, कुणीतरी त्यांना आणलं होतं. मिशन ट्रिपच्या वर्गाला मूल गाण्याचा आवाज ऐकून येतं, आणि त्याचं घर कदाचित वेगळ्या श्रद्धेचं असतं. इथे काय शिकवलं जाणार आहे हे पालकांना आधी, त्यांच्या भाषेत, स्पष्ट सांगितलेलं हवं. 'खेळ आणि हस्तकला' एवढंच सांगून बोलावणं आणि मग सुवार्ता सांगणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर धर्मशिक्षणाचं काम चालत नाही आणि मुलांना धर्म शिकवण्याबद्दल वेगळे कायदे असतात. ते तिथल्या मंडळीला विचारून, निघण्याआधीच समजून घ्यावेत. नियम मोडल्याची किंमत आपण नाही, मागे राहणारे तिथल्या मंडळीचे पाळक (धर्मगुरू) भरतात.

सुरक्षेचे नियम दोन्हीकडे सारखेच: कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा नको, परवानगीशिवाय फोटो नको. फक्त ट्रिपवर उत्साहाच्या भरात ते जास्त सुटतात. अनाथाश्रमात जायचा बेत असेल तर मात्र थांबून विचार करा. दर महिन्याला नवी टीम येते, मुलांना कडेवर घेते आणि निघून जाते. त्या मुलांना जीव लावायचा आणि तो तुटायचा हेच पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवी आणि पर्यटनाच्या कार्यक्रमांमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख केला आहे. तिथे वर्ग घेण्यापेक्षा तिथल्या कर्मचाऱ्यांना मदत करावी.

मग संडे स्कूलच्या शिक्षिकेने ट्रिपला जाऊच नये का? जावं, तिनेच जावं. चार वर्षांच्या मुलाला किती वेळ बसवता येतं, गोष्ट कुठे हळू करायची, मागच्या रांगेतला दंगेखोर कसा मदतनीस करायचा, हे तिच्याइतकं कुणाला येत नाही. फक्त धड्यांची फाइल घरी ठेवून जावं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लेकरांना शिकवण्याबद्दल सांगितलंय ते घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. ते पाहुण्याच्या आवाक्यातलं नाही, आणि तसा आवही आणू नये.

पाहुण्याच्या आवाक्यात आहे ते हस्तांतर, आणि ते पहिल्या दिवसापासून करावं लागतं. सोमवारी गोष्ट तुम्ही सांगा, शेजारी तिथली शिक्षिका उभी राहू दे. बुधवारी अर्धी गोष्ट ती सांगेल. शुक्रवारी सगळी तीच सांगेल आणि तुम्ही मुलांच्यात खाली बसाल. मुलांच्या नावांची यादी तुमच्या वहीत नको, तिच्या वहीत हवी. चित्रांचे संच, तिथेच मिळणाऱ्या साहित्यातून केलेल्या कृती, गाण्यांचे कागद मागे राहू द्या; जे तिला पुन्हा विकत घेता येणार नाही असं काही आणूच नका.

शेवटच्या दिवशी कुणीतरी तुमचा हात धरून विचारतंच, 'परत कधी येणार?' 'पुढच्या वर्षी नक्की' असं तोंडावर येतं, कारण त्या क्षणी ते खरंच वाटत असतं. ते म्हणू नका. खाली बसा, तिथल्या ताईंकडे बोट दाखवा आणि सांगा, 'या रविवारी सकाळी ताई इथेच असणार आहेत.' आणि हे बोलण्याआधी रविवारचा वर्ग किती वाजता भरतो ते ताईंना विचारून ठेवा.